वेव्हरवर काहीच उरत नाही? आधी स्वतःचं बेंच बघा

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करतात आणि त्या टीमने त्यांना ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये ओढलंय. खऱ्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचा कागदावर आपला संघ बनवायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण आपल्याला मिळायचे, तो हा खेळ. बारा जणांची लीग, पीपीआर, म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण. सहा आठवडे झाले. दोन जिंकले, चार हरले. दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) जायबंदी. त्यांचं म्हणणं असं की दर बुधवारी वेव्हर, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंची यादी, उघडतो तेव्हा चांगला खेळाडू कुणीतरी आधीच उचललेला असतो, उरतो तो गाळ. मग हंगामाच्या मध्यावर कामाचे फ्री एजंट, म्हणजे असे मोकळे खेळाडू, शोधायचे कुठे? सोबत त्यांनी आपल्या संघाची यादीही दिली आहे. ते फार बरं केलं, कारण माझं अर्धं उत्तर त्या यादीतच आहे.

मी न्यू जर्सीत राहतो आणि चौदा वर्षं हा खेळ खेळतोय. सध्या दोन लीग, एक ऑफिसची आणि एक इथल्या मराठी मित्रांची. दुसरीत बक्षीस म्हणून हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची असते. मी चारदा खाऊ घातली आहे, तेव्हा खाली जे सांगतोय ते बऱ्यापैकी किंमत मोजून शिकलेलं आहे.

आधी साधा हिशेब करू. बारा संघ, प्रत्येकाकडे पंधरा खेळाडू, म्हणजे १८० खेळाडू कुणा ना कुणाच्या ताब्यात. प्रत्येकजण साधारण पाच रनिंग बॅक ठेवतो, म्हणजे साठ. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, संघ ३२. प्रत्येकाचा पहिला आणि दुसरा रनिंग बॅक धरला तर ६४ होतात. म्हणजे तुमच्या लीगमध्ये वेव्हरवर रनिंग बॅक उरतो तो बहुतेक वेळा तिसऱ्या क्रमांकाचा. गाळ वाटतो कारण तो गाळच असतो. रिसीव्हरचं, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांचं, तसं नाही. बहुतेक संघ एका वेळी तीन रिसीव्हर मैदानात उतरवतात, म्हणजे ९६ जणांना नियमित काम आहे, आणि त्यातले साठ जरी घेतलेले असले तरी पस्तीसेक मोकळे. टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) त्याहून स्वस्त. दहा जणांची लीग असती तर हे आकडे सैल झाले असते, चौदा जणांची असती तर आणखी आवळले असते. लीग किती जणांची, बेंच (न खेळवता राखून ठेवलेल्यांच्या जागा) किती, पीपीआर आहे की नाही, खेळाडू बोली लावून (हंगामभरासाठी मिळालेल्या खोट्या डॉलरांतून) मिळतो की क्रमाने, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून दुसऱ्या कुणाच्या लीगमधला सल्ला जसाच्या तसा उचलू नका, माझासुद्धा.

तर तुमची खरी अडचण खेळाडू उरत नाहीत ही नाही. तुम्ही आणि बाकीचे अकरा जण एकाच दिवशी, एकच यादी बघून, एकाच खेळाडूच्या मागे लागता, ही आहे. रविवारी दुपारी कुणाचा तरी गुडघा मुरगळतो, त्याच्या जागी आलेला पोरगा दोन टचडाउन करतो (चेंडू दोनदा गोलरेषेपार नेतो), आणि बुधवारी सगळे त्याच्यावर तुटून पडतात. त्या गर्दीत तुमचा नंबर लागलाच तर नशीब. त्या पोराला शनिवारी घ्यायचं असतं, जेव्हा त्याची किंमत शून्य असते. आणि शनिवारी घ्यायचं तर बेंचवर जागा हवी.

आता तुमचं बेंच बघा. सहा जागा. एक जादा क्वार्टरबॅक, एक जादा टाइट एंड, एक जादा डिफेन्स (एखाद्या एनएफएल संघाची अख्खी बचावफळी), दोन जायबंदी रनिंग बॅक, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या खेळाडू-निवडीत, चौथ्या फेरीत घेतलेला पण आजवर एकदाही दहा गुण न केलेला रिसीव्हर. या सहापैकी एकही जागा तुमच्यासाठी काम करत नाहीये. घरात माळा असतो ना, बंद पडलेला टेबल फॅन, जुना मिक्सर, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सगळं, तसं झालंय ते. चौथ्या फेरीचा खेळाडू सोडवत नाही हे मला समजतं. पण चौथी फेरी सप्टेंबरच्या आधी संपली. आज तो वेव्हरवर दिसला असता तर तुम्ही त्याला उचललं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर तो तिथे जागा अडवून बसलाय.

जायबंदी खेळाडूंचं मात्र वेगळं. एनएफएल संघाने कुणाला आयआरवर, म्हणजे जायबंदींच्या यादीवर, टाकलं की तो किमान चार सामने बाहेर असतो. तुमच्या लीगमध्ये आयआरसाठी वेगळी जागा असेल तर त्या दोघांपैकी जो अधिकृतपणे आयआरवर आहे त्याला तिकडे हलवा, बेंचवरची एक जागा फुकटात मोकळी. सेटिंगमध्ये बघा. माझ्या ओळखीत एकाने अख्खा हंगाम ती जागा रिकामी ठेवून काढला, कारण ती असते हेच त्याला ठाऊक नव्हतं.

जागा झाली. आता त्यात बसवायचं कुणाला?

नवे लोक गेल्या आठवड्याच्या गुणांवरून यादी लावतात आणि वरून सुरुवात करतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन रिसीव्हर घ्या. पहिल्याने तीन झेल, ९० यार्ड आणि दोन टचडाउन केले. पीपीआरमध्ये २४ गुण. दुसऱ्याकडे चेंडू दहा वेळा फेकला गेला (म्हणजे दहा टारगेट), त्याने सहा पकडले, ५५ यार्ड, टचडाउन नाही, साडेअकरा गुण. बुधवारी अख्खी लीग पहिल्यावर बोली लावेल. मी दुसऱ्यावर लावतो. टचडाउन हा पाऊस आहे, कुठे पडेल सांगता येत नाही. दहा टारगेट म्हणजे क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय पुढच्या रविवारीही टिकण्याची शक्यता जास्त. २०१२ च्या हंगामाच्या अगदी पहिल्या सामन्यात डॅलस काउबॉइजच्या केविन ऑगलट्रीने न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध आठ झेल, ११४ यार्ड आणि दोन टचडाउन केले. दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसात कॉफी मशीनजवळ दुसरा विषय नव्हता. उरलेल्या संपूर्ण हंगामात त्याने आणखी दोनच टचडाउन केले. तो संघातला तिसरा रिसीव्हर होता आणि तिसराच राहिला. एका संध्याकाळने त्याची जागा बदलली नव्हती.

मी पाहतो ती जागा. कुणाची जागा रिकामी झाली, आणि ती भरायला कोण आहे? दुखापत हे त्याचं सगळ्यांना दिसणारं कारण. न दिसणारीही असतात: खेळाडू दुसऱ्या संघाला विकला जातो, क्वार्टरबॅक बदलतो, चाली ठरवणारा प्रशिक्षक बदलतो.

तुम्ही आज जिथे उभे आहात, नेमक्या तिथलंच उदाहरण देतो. १५ ऑक्टोबर २०२४, सहावा आठवडा नुकताच संपलेला. क्लीव्हलँड ब्राउन्सने आपला पहिला रिसीव्हर अमारी कूपर बफेलोला देऊन टाकला. बातमी वाचून बहुतेकांनी विचार केला तो 'कूपरला बफेलोत किती चेंडू मिळतील' याचा. क्लीव्हलँडमध्ये कूपरकडे जाणारे चेंडू आता कुणाकडे जाणार, हे फार थोड्यांनी विचारलं. ब्राउन्सचं आक्रमण तेव्हा इतकं रडतखडत चाललं होतं की तिकडे बघायचीही कुणाची इच्छा नव्हती. सेड्रिक टिलमन नावाचा दुसऱ्या वर्षाचा रिसीव्हर तिथे जवळजवळ बिनकामाचा बसून होता. त्या रविवारी त्याने आठ झेल घेतले, ८१ यार्ड. त्याच सामन्यात क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनची टाच गेली आणि पुढच्या आठवड्यापासून जेमिस विन्स्टन आला, ज्याला लांब चेंडू फेकायला बिलकूल भीती वाटत नाही. टिलमनने बॉल्टिमोरविरुद्ध ९९ यार्ड आणि दोन टचडाउन केले. त्याच संघातला जेरी ज्यूडी तर हंगामअखेर ९० झेल आणि १२२९ यार्डांवर पोचला. टिलमनचा हंगाम पुढे डोक्याला मार लागून संपला, पण ज्याने त्याला मंगळवारी घेतलं त्याचे मधले आठवडे निभावले. आणि बातमी मंगळवारी सगळ्यांना सारखीच दिसत होती, लपलेलं काही नव्हतं.

म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या मंगळवारी, एनएफएलची खेळाडू-अदलाबदलीची मुदत संपते तेव्हा, मी संध्याकाळी जेवण लवकर उरकून बसतो. कोण कुठे गेला यापेक्षा कोण कुठून गेला हे वाचा.

चाली बदलण्याचा नमुना म्हणजे २०२१ चे डेट्रॉइट लायन्स. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतलेला नवखा अमॉन-रा सेंट ब्राउन अर्धा हंगाम कुणाच्या खिजगणतीत नव्हता. नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलने चाली ठरवायचं काम स्वतःकडे घेतलं. थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात डिआंद्रे स्विफ्टचा खांदा दुखावला, पुढच्या सामन्यात टी. जे. हॉकेन्सनचा अंगठा. संघात चेंडू पकडणारे सगळ्यात मोठे दोघे बाहेर. सेंट ब्राउनने शेवटच्या सहा सामन्यांत प्रत्येकी किमान आठ झेल घेतले. पीपीआरमध्ये याचा अर्थ काय हे तुम्हाला सांगायला नको. लायन्सने तोवर एकही सामना जिंकला नव्हता, म्हणूनच तो वेव्हरवर पडून राहिला. हरणाऱ्या संघांकडे कुणी बघत नाही. पण हरणारा संघ मागे असतो, आणि मागे असलेल्या संघाला चेंडू फेकावाच लागतो.

रनिंग बॅककडे येतो, कारण तुमची निकड तीच आहे. हिशेबाप्रमाणे वेव्हरवर तयार रनिंग बॅक मिळणार नाही. तो पिकण्याआधी तोडून आणून अढीत ठेवावा लागतो. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा असा खेळाडू, ज्याला आज काही काम नाही पण पहिला पडला तर सगळं काम त्याच्याकडे येईल. मी तीन गोष्टी बघतो. पहिल्याच्या मागे तो एकटाच आहे की तिघांत वाटणी होईल? तो चेंडू पकडू शकतो का, म्हणजे संघ मागे असतानाही मैदानात राहील? आणि त्या संघाचं आक्रमण चांगलं आहे का, पुढची फळी जागा करून देते का? तिन्ही जुळणारे एका वेळी फारतर पाच-सहा असतात. २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सोमवारच्या सामन्याआधी सॅन फ्रान्सिस्कोचा पहिला रनिंग बॅक क्रिस्चन मॅकॅफ्री खेळणार नाही असं ऐनवेळी जाहीर झालं. त्याचा बदली जॉर्डन मेसनने २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड काढले. ज्यांच्या बेंचवर तो आधीपासून होता त्यांनी त्याला नुसता वर सरकवला.

इथे बऱ्याच जणांशी माझं पटत नाही. ते म्हणतात, आपल्याच रनिंग बॅकचा बदली ठेवावा, विमा म्हणून. माझं मत, दुसऱ्याच्या रनिंग बॅकचा बदली ठेवावा. स्वतःचा विमा काढला तर अपघातानंतर तुम्ही जिथे होता तिथेच राहता. दुसऱ्याचा पडला तर तुमच्याकडे दोन होतात आणि त्याच्याकडे एक कमी. दोन विजय-चार पराभवांवर असलेल्या माणसाला जिथल्या तिथे राहून चालणार नाही. पाच-एकवर असतात त्यांना विमा परवडतो. (कुणाचा तरी गुडघा जाण्याची वाट बघत बसणं हे माणूस म्हणून फारसं शोभत नाही, हे मान्य. बायकोनेही एकदा सुनावलं आहे.)

क्वचित असंही होतं की खेळाडू कुणाच्याच यादीत नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा रनिंग बॅक टॉड गर्ली गुडघ्याने हैराण होता. त्यांनी सी. जे. अँडरसनला घेतलं, ज्याला त्याच हंगामात दोन संघांनी सोडून दिलं होतं. पाच दिवसांनी त्याने ॲरिझोनाविरुद्ध १६७ यार्ड काढले. तो सोळावा आठवडा होता, तेव्हाच्या बहुतेक लीगची अंतिम फेरी. डिसेंबरमध्येसुद्धा बेंचवर एक जागा हलती ठेवायची ती यासाठी.

उलटी बाजूही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संघाचे पहिले दोन्ही रनिंग बॅक जायबंदी झाले, मी उरलेले सगळे पैसे तिसऱ्यावर लावले आणि अंतिम फेरीत त्याला खेळवलं. तीस यार्डसुद्धा नाहीत. जागा रिकामी झाली होती, पण समोरची बचावफळी कशी आहे हे मी पाहिलंच नव्हतं, आणि तिसऱ्या क्रमांकाचा माणूस तिसऱ्या क्रमांकावर का असतो हेही विसरलो होतो. त्या वर्षीची मिसळ मीच केली.

बोली असेल तर एवढंच. शंभर डॉलरपैकी चाळीस-पन्नास अशा खेळाडूवर घालवायला कचरू नका, ज्याला हंगामभराची जागा मिळाली आहे. दोन आठवड्यांच्या कामचलाऊ माणसाला सात-आठ पुरे. तीस लावायचे असतील तर एकतीस लावा, कारण सगळे तीसवर थांबतात. हंगामाअखेर उरलेल्या डॉलरांना चहासुद्धा येत नाही; फक्त डिसेंबरसाठी दहाबारा बाजूला असू द्या. क्रमाची पद्धत असेल तर पहिला क्रमांक किकरवर उधळू नका, असं लिहितानाही हसू येतं, पण लोक करतात. डिफेन्सही दोन ठेवायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात कुणाविरुद्ध नवखा किंवा बदली क्वार्टरबॅक खेळणार आहे ते बघून दर आठवड्याला नवीन घ्या.

बाय वीक, म्हणजे एनएफएल संघांचे सुटीचे आठवडे, सुरू आहेत, त्याचाही फायदा घ्या. ज्याचे चार खेळाडू एकाच रविवारी सुटीवर आहेत तो रडत रडत चांगला माणूस सोडतो. लीगमधली सोडलेल्यांची यादी रोज उघडून बघा, दोन मिनिटांचं काम. आयआरवरचा खेळाडू सरावाला परतला की संघाला त्याच्याबद्दल २१ दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. सराव सुरू झाल्याची बातमी आली, की तो खेळायची वाट न बघता घ्या.

आता तुमच्याकडे असलेली, माझ्याकडे नसलेली गोष्ट: पुणं. बहुतेक ठिकाणी वेव्हर अमेरिकेतल्या बुधवारी पहाटे निकाली निघतो, आणि त्यानंतर उरलेले खेळाडू 'जो आधी दाबेल त्याचा' असे मोकळे होतात. तुमच्या लीगमध्येही तसंच आहे ना, हे सेटिंगमध्ये खात्री करून घ्या. असेल तर त्या वेळी तुमचे अकरा प्रतिस्पर्धी झोपलेले असतात आणि तुम्ही डबा उघडत असता. मी इथे पहाटे गजर लावून उठायचो, घरात त्यावरून वाद झाले. तुम्हाला जेवता जेवता जमेल. त्यावेळी वरची नावं गेलेली असतील, पण वरच्या नावांसाठी कुणाला सोडलं गेलं हे दिसेल, आणि दोन आठवडे सलग सहा-सात टारगेट मिळालेला एखादा रिसीव्हर हमखास पडलेला असतो. तसंच रविवारी. दुपारी एकच्या सामन्यांत कोण खेळणार नाही याची यादी नव्वद मिनिटं आधी येते, म्हणजे तुमच्याकडे रात्री नऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून इथलं घड्याळ मागे जातं, मग दहाला. रात्री नऊला तुम्ही घरी निवांत असता. मी साडेअकराला कधी किराणा दुकानात असतो, कधी मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, जिथे नाट्यगीत सुरू असताना फोन काढला तर शेजारच्या काकू बघतात.

तर या शनिवारी. जादा डिफेन्स सोडा. जादा टाइट एंड सोडा. चौथ्या फेरीच्या रिसीव्हरला आणखी एक आठवडा द्यावासा वाटत असेल तर द्या, मी वाद घालणार नाही. एक रनिंग बॅक आयआरच्या जागी. झालेल्या तीन जागांत दुसऱ्यांच्या रनिंग बॅकचे दोन बदली आणि एक रिसीव्हर, ज्याचे टारगेट वाढतायत पण टचडाउन झालेले नाहीत. आणि तो जादा क्वार्टरबॅक: तुमच्या पहिल्याचा बाय वीक पाचव्या आठवड्यात होऊन गेला असं यादीत दिसतंय. त्याला शनिवारपर्यंतही ठेवू नका.